साधुवाण्याची नौका आणि जाहिरातीचा मजकूर

सत्यनारायणाच्या कथेतील साधुवाणी आपल्या घराघरांतून व देवळांतून पिढ्यान् पिढ्या ऐकला जात आहे. नौकेत काय आहे, असे दंडीस्वामींनी विचारताच त्याने धन लपवून लतापत्रे असल्याचे सांगितले, आणि नौकेत खरोखरच लतापत्रे झाली. ही कथा ऐकून उठलेला व्यापारी पुष्कळदा नेमके उलट करतो: पाने भरतो आणि रत्ने म्हणून सांगतो. जाहिरातलेखन म्हणजे हेच, असा जुन्या मंडळींचा समज आहे. तेव्हा धंद्यात पडणाऱ्या तरुणाने ही विद्या शिकावी काय, हा प्रश्न आम्हांस नफ्याचा नव्हे, नीतीचा वाटतो.

धारवाडजवळचे बेलूर घ्या. (चेन्नकेशवाचे बेलूर ते हे नव्हे.) येथील औद्योगिक वसाहतीत बसगाड्या बांधल्या जातात. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखानदाराला आपल्या मालाविषयी सहसा एक ओळही लिहावी लागत नाही. नकाशा येतो, माप येते, माल जातो. स्वतःच्या नावाने वस्तू विकावयाची ठरविली की मात्र कोरा कागद समोर येतो. ही वस्तू कोणासाठी? त्याची कोणती अडचण हिने दूर होईल? उत्तर सुचत नाही तेव्हा दोष भाषेचा नसून बहुधा वस्तूचाच असतो. लेखणी अडते, आणि तिच्यामुळे माणूस पुन्हा यंत्रापाशी जाऊन उभा राहतो.

याच मुलखातले, १८६९ साली गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या भीतीने शेतकरी तो घेईनात. त्या भीतीला हसणे सोपे आहे. पण ज्याचे सर्वस्व दोन-चार एकरांत आहे त्याने का भिऊ नये? ‘उत्तम नांगर’ एवढे छापून तिचे निवारण होत नाही. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले ते पत्र वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि १९३० मध्ये त्याच्या जोडीला ‘स्त्री’ आले. गिऱ्हाइकाला उद्देशून लिहिता लिहिता लेखकाला त्याच्या ठिकाणी माणूस दिसू लागला, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

भीती ओळखणारा ती वाढवूही शकतो, हे आम्ही नाकारीत नाही. लेखनाने कोणी सत्यवादी होत नाही. पण तोंडचे बोलणे वाऱ्यावर जाते, छापलेले वचन गिऱ्हाइकाच्या खिशात राहते, आणि तक्रार घेऊन येताना तो ते बरोबर आणतो!

आपल्या उत्सवांच्या स्मरणिकांतील जाहिराती पाहाव्यात. दुकानाचे नाव, देवाचे चित्र आणि ‘हार्दिक शुभेच्छा’. त्यांत असत्य काहीच नाही, कारण त्यांत विधानच नाही. पुढल्या उत्सवात एखाद्या तरुण कारखानदाराने त्या जागी आपण काय बनवितो, ते किती वर्षे टिकते आणि बिघडल्यास कोण दुरुस्त करील, एवढे आपल्या हाताने लिहून पाहावे.