प्रारब्धाची खतावणी

मृत्यूची घटिका कोणास कळत नाही असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो. परंतु मागील मृत्युनोंदी, लोकांची वये आणि शेजारच्या मुलखातील कल पाहून, अमुक जिल्ह्यात पुढील काळात हृद्रोगाने लाखामागे किती माणसे दगावतील याचा अदमास संख्याशास्त्रज्ञ बांधतो, आणि तो पुष्कळदा खरा ठरतो, तेव्हा कर्ता कोण हा जुना प्रश्न दफ्तराच्या रकान्यांतून पुन्हा डोके वर काढतो.

फिनलंडच्या पूर्वेकडील उत्तर कारेलिया प्रांताची हकीकत येथे मला फार बोलकी वाटते. तेथील पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने इतके मरत, की १९७१ साली लोकप्रतिनिधींनी सरकारदरबारी रीतसर अर्ज गुदरला. १९७२ पासून पेक्का पुस्का यांच्या देखरेखीखाली पावावरचे जाड लोणी, तंबाखू व मीठ यांविरुद्ध मोहीम चालली (दुभत्यावर जगणाऱ्या प्रांतात लोण्याची निंदा करणे हे काही लहान धाडस नव्हे!), आणि सुमारे चार दशकांत कमावत्या वयाच्या पुरुषांतील या मृत्यूंचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले. जुन्या आकड्यांची रेघ सरळ पुढे ओढणारा येथे सपशेल फसला असता; एकट्याच्या पूर्वसंचितावर जमा धरलेल्या भोगांचा मोठा हिस्सा गावाच्या चुलीवर शिजत होता.

तथापि वाचलेल्यांपैकी एकाकडे बोट दाखवून ‘हा मोहिमेमुळे जगला’ असे कोणताही गणिती छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि लोणी सोडूनही ज्याने देह ठेवला, त्याच्या विधवेस टक्केवारी ऐकविणे तर निव्वळ क्रौर्य होय.