शंकेला उत्तर कृतीचं

लोक आपल्या स्वप्नाला नावं ठेवू लागले, तर माणसानं करावं काय? दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली याचं उत्तर दिलं. चित्रपट काढायचा म्हणून ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, तेव्हा या गृहस्थाला वेड लागलंय, असंच अनेकांना वाटलं. भांडवल द्यायला कोणी पुढे येईना. फाळके वाद घालत बसले नाहीत. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा रोखून त्याच्या वाढीची एकेक फ्रेम दिवसेंदिवस टिपली. पडद्यावर तो कोंब बघता बघता मातीतून वर आला, वेल झाला. त्या जोरावर पैसा उभा राहिला. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात त्यांचा चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

कोणी म्हणेल, फाळके यशस्वी झाले म्हणून आठवतात. हट्टापायी धुळीला मिळालेल्यांचं काय? आक्षेप रास्त आहे. शंका घेणारा प्रत्येक जण वैरी नसतो, आणि पैसे देणाऱ्यानं पुरावा मागण्यात गैर काहीच नाही. म्हणूनच स्वप्न जपणाऱ्यानं कान उघडे ठेवावेत. समोरच्याची शंका नीट ऐकावी आणि आपल्या ऐपतीत बसेल असा छोटा प्रयोग करून तिचं उत्तर द्यावं. प्रयोग फसला तर वेळीच वाट बदलता येते. साधला तर आपलाही धीर वाढतो. तेव्हा आज तुमच्या स्वप्नावर कोणी शंका घेत असेल, तर रुसू नका, खचूही नका. चारचौघांना दाखवता येईल असं काहीतरी आजच हाती घ्या.