तिला मंगळ आहे

सायखेड्यात थ्री-फेज लाईट रात्रीची असली की तरुण पोरं मोटर चालू करून बांधावर बसतात. हातात मोबाईल, वर निरभ्र आकाश. अशाच एका रात्री शेजारच्या मुलाबरोबर मी 'लॉस्ट इन स्टारलाइट' हा कोरियन ॲनिमेशनपट पाहिला. हान जी-वोन या दिग्दर्शिकेचा हा चित्रपट ३० मे २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर आला. गोष्ट २०५० सालच्या सोल शहराची. नान-यंग या तरुण शास्त्रज्ञेची आई मंगळमोहिमेवर गेली ती परतलीच नाही. तिलाही तिथंच जायचंय. आईचा बंद पडलेला रेकॉर्ड प्लेअर तिच्याकडे आहे आणि त्याच्या दुरुस्तीच्या निमित्तानं तिला जे नावाचा तरुण भेटतो. जुनी यंत्रं दुरुस्त करणारा, स्वतःचं गाणं मात्र अर्धवट सोडून दिलेला. दोघांचं जुळतं, आणि मग मंगळमोहिमेसाठी तिची निवड होते.

चित्रपटाच्या मूळ नावात एक सुंदर श्लेष आहे. कोरियन भाषेत 'इ ब्योल' म्हणजे हा तारा, आणि हेच शब्द जोडून लिहिले की 'इब्योल', म्हणजे ताटातूट. मधली एक मोकळी जागा मिटली की ताऱ्याचा वियोग होतो. नावाचा उरलेला भाग म्हणतो की याला काहीतरी लागतं, काहीतरी हवं आहे. वियोगाला काय लागतं, हा प्रश्न मला त्या रात्रीपासून सोडत नाही.

आपल्याकडे मंगळ हा ग्रह आधी पत्रिकेत भेटतो, आकाशात नंतर. 'मुलीला मंगळ आहे' एवढं वाक्य उच्चारलं की बैठकीतले आवाज खाली येतात. माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी ते मी ऐकलंय. चहाचे कप उचलले गेले, कुणी वाईट बोललं नाही, पुन्हा कुणी आलंही नाही. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचं यान मंगळाच्या कक्षेत पोचलं. त्यानंतरही मंगळाच्या मुली आणि त्यांचे आईबाप तो शांत करण्याचे विधी शोधत राहिले. म्हणून पडद्यावरची मुलगी स्वतःहून त्याच ग्रहाकडे निघाली तेव्हा मला ते कोरियन वाटलं नाही. जो ग्रह मुलीच्या आयुष्याच्या आड येतो म्हणून सांगितलं गेलं, तो तिच्या कामाची जागा झाला होता.

कुसुमाग्रजांचं मूळ गाव शिरवाडे वणी आमच्याच निफाड तालुक्यातलं. १९४२ च्या 'विशाखा'मधल्या 'पृथ्वीचे प्रेमगीत' या कवितेत पृथ्वी सूर्याशी बोलते. तिच्याकडे मंगळ येतो, शुक्र येतो, धूमकेतू येतो. ती सगळ्यांना नाकारते, कारण जवळच्या क्षुद्र सुखापेक्षा तिला त्या तेजाचं दूर असणं परवडतं. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी ग्रहताऱ्यांवर प्रेमकथा रचणारी ही भाषा आहे. अंतर म्हणजे प्रेमातली अडचण नव्हे, प्रेमाचं द्रव्यच आहे, हे तिला ठाऊक होतं. पण त्या कवितेतही झुरते ती पृथ्वीच. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांपासून वाट पाहणं बाईच्या वाट्याला आलं. पुरुषाचा आवाजसुद्धा विरहिणीचा वेश घेऊनच झुरला. मागे राहिलेल्या पुरुषानं काय करायचं, याची रीत आपल्याकडे घडलीच नाही.

एकदा ती घडण्याची वेळ आली होती. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला कोलकात्याहून बोटीनं अमेरिकेला, फिलाडेल्फियाला निघाल्या. घरचं कुणी सोबत नव्हतं. त्या काळात फिलाडेल्फिया मंगळापेक्षा जवळ नव्हतं. मागे राहिले त्यांचे पती गोपाळराव, आणि ते नोकरीला होते पोस्टात. दुसऱ्यांची पत्रं पोचवणारा माणूस स्वतःच्या पत्रासाठी खोळंबलेला. बायकोला शिकवायचा ध्यास त्यांचाच. पण अंतर पडल्यावर त्यांच्या पत्रांत संशय आणि दूषणं उतरली. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रात ती वाचताना आजही हात थांबतो. मी गोपाळरावांना खलपुरुष मानत नाही. पाठवण्याचं बळ त्यांच्यात होतं, मागे राहण्याचं नव्हतं. पुढे तेही अमेरिकेला पोचले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि वर्ष उलटायच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. आज शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे.

जे आणि गोपाळराव यांच्यात मला शतकाचा नाही, एका कृतीचा फरक दिसतो. मंगळावरच्या माणसाशी फोनवर बोलता येत नाही. अंतर साडेपाच कोटी किलोमीटरपासून चाळीस कोटींपर्यंत बदलत राहतं आणि प्रकाशाच्या वेगानं निघालेला शब्दही वाटेत वेळ घेतो. संभाषण बंद होतं, पत्रव्यवहार उरतो. भविष्यातली गोष्ट सांगायला निघालेला चित्रपट असा परत टपालाच्या काळात येतो. जे तिला अडवू पाहत नाही असं नाही. भीती त्यालाही वाटते, तो दुखावतो, दुखावतो तिलाही. पण शेवटी तो आपलं अर्धवट गाणं पूर्ण करायला बसतो. मागे राहिलेल्याकडेही काम असतं, हे त्याला सापडतं.

आमच्या भागात आता मुलीच जातात. नाशिकला, पुण्याला, त्याही पलीकडे. बाग सांभाळणारी मुलं मागे राहतात, आणि त्यांची लग्नं जमत नाहीत हे घरोघरचं दुखणं आहे. त्यावर बोलणारे लोक मुलींच्या अपेक्षा मोजतात. मुलांना वाट पाहणं कुणी शिकवलं का, हे विचारत नाहीत.

शेजारच्या त्या मुलाची मैत्रीण पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. घरचे म्हणतात, इथं नांदणारी बघ. तो काही बोलत नाही. ऑगस्टात गोदावरी फुगली की चांदोरीच्या पुलावर जाऊन पाण्याचा आवाज मोबाईलमध्ये भरतो आणि तिला पाठवतो. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला उतरलेल्या पक्ष्यांचा.

चित्रपट संपला तेव्हा लाईट जायला अर्धा तास होता. मोटरीकडे बघत त्यानं विचारलं, "काका, मंगळावरून निरोप यायला किती वेळ लागतो?"

"जवळ असला तर तीन मिनिटं. लांब असला तर बावीस."

त्यानं मोबाईल उघडून पाहिला, परत खिशात ठेवला.

"म्हणजे लवकर येतो की," तो म्हणाला.