दुभंगलेला कीबोर्ड

मधोमध दुभंगलेल्या कीबोर्डवर मराठी लिहायला बसलं की वर्णमालाही दुभंगते, आणि तीही नेमकी बाराखडीच्या शिवणीवर. इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर, काने, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताखाली आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताखाली. ‘मराठी’ टाइप करून पाहावं: डावा, उजवा, डावा, उजवा, डावा. ‘कोलकाता’ही जवळपास तसंच झुलत जातं, ‘ल’ आणि ‘क’ लागोपाठ उजवीकडे येतात तेवढाच अडखळा. म, न, व ही मंडळी व्यंजनांची असूनही डावीकडे बिऱ्हाड करून आहेत, त्यामुळे ‘मी’ हा शब्द सबंध डाव्या हाताचा. इंग्रजी टाइप करताना असला ताल फारसा जमत नाही. क्वर्टी मांडणी मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्सने १८७० च्या दशकात आपल्या यंत्रासाठी ठरवली आणि इंग्रजीत वारंवार लागणारी बरीच अक्षरं डाव्या हाताच्या गळ्यात पडली.

भाषांतर आणि संपादन हा माझा धंदा, आणि तो मी दक्षिण कोलकात्यात हाजरा भागातल्या एका जुन्या घरात बसून करतो. असा कीबोर्ड या घरात अजून नवलाचा आहे. शेजारच्या बौदींनी, म्हणजे वहिनींनी, तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ‘दादा, एटा भेंगे गेछे ना कि?’ असं काळजीने विचारलं. मोडलेला नाही, असाच येतो, हे सांगितल्यावर त्यांनी किंमत विचारली आणि मग मोडलेलाच बरा होता असा चेहरा केला.

त्याच्या अशा आकारामागचं कारण साधं आहे. सरळ कीबोर्डवर दोन्ही हात छातीसमोर जवळ आणावे लागतात. कोपरं बाहेर जातात, मनगटं करंगळीच्या दिशेने मुरडतात आणि तळवे पूर्ण पालथे पडतात. या तिन्ही गोष्टी हात सैल सोडल्यावर आपोआप होत नाहीत; त्या धरून ठेवाव्या लागतात, आणि तासन्‌तास धरून ठेवणं हेच दुखण्याचं मूळ. हे जर्मनीत क्लॉकेनबर्ग या माणसाने १९२६ मध्येच लिहिलं होतं आणि टंकयंत्राच्या कळा दोन भागांत विभागायला सांगितलं होतं. मायक्रोसॉफ्टचा दुभंगलेला ‘नॅचरल’ कीबोर्ड बाजारात आला १९९४ मध्ये. मधली अडुसष्ट वर्षं जगभरचे बहुतेक टायपिस्ट मनगटं मुरडून बसले. दोष कुठे आहे ते माहीत होतं, दुरुस्तीही माहीत होती, पण सवयीच्या मांडणीला हात लावण्याचं फारसं कुणाला सुचलं नाही किंवा परवडलं नाही.

इन्स्क्रिप्टचंही काहीसं असंच झालं. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी प्रमाण ठरवली तेव्हा तिच्यात एक देखणी युक्ती होती. लिपी कोणतीही असो, एका ध्वनीची कळ एकच. माझ्या ‘क’ची कळ तीच बौदींच्या बंगाली ‘क’ची. अल्पप्राणाची कळ शिफ्टसह दाबली की महाप्राण: क चा ख, त चा थ. पाणिनीच्या देशात शोभेल अशी व्यवस्था. पण बौदींची मुलगी बंगाली लिहिते ती ‘अभ्र’वर, म्हणजे २००३ मध्ये मेहदी हसन खान या बांगलादेशी वैद्यकीय विद्यार्थ्याने केलेल्या सॉफ्टवेअरवर, त्यात रोमन अक्षरं दाबायची आणि बंगाली उमटतं. पुण्यातला माझा भाचा तर ‘kuthe ahes’ या थाटात लिहितो आणि देवनागरीची गरजच ठेवत नाही. दोघांना दोष देण्यात अर्थ नाही. शाळेत त्यांचा हात क्वर्टीवर बसला, आणि एकदा बसलेला हात सोयीपेक्षा सवयीचं ऐकतो. सोय आयती समोर ठेवून भागत नाही, ती शिकवावी लागते. हे काम आपल्याकडे टंकलेखनाच्या क्लासांवर सोडून दिलं गेलं.

हाताच्या सोयीचा विचार कोलकात्यात मराठीच्या संदर्भात फार पूर्वी एकदा झालेला आहे, आणि त्याची गंमत अशी की तो उलट्या दिशेने झाला. टॉमस लायनने बांधलेली रायटर्स बिल्डिंग १७७७ पासून उभी राहिली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘रायटर’ म्हणवल्या जाणाऱ्या कनिष्ठ कारकुनांच्या वस्तीसाठी. १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज सुरू झालं आणि पुढे ते या इमारतीत आलं. मिशनरी विल्यम कॅरी या कॉलेजात बंगाली-संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागला. हाताशी वैजनाथ शर्मा हे पंडित होते. हुगळीच्या पलीकडच्या काठावर, श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात, १८०५ मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण छापून निघालं. ते देवनागरीत होतं. पण मराठ्यांचा कारभार मोडीत चालतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून मोडीचे खिळे पाडण्यात आले आणि १८१० चा मराठी-इंग्रजी कोश मोडी टाइपात आला.

मोडी म्हणजे काय? आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची चिकित्सा नाही, हात थांबेल असं काही नाही. फडात दिवसभर बसणाऱ्या कारकुनाच्या मनगटाने घडवलेली ही लिपी. तिचं सगळं शहाणपण हाताच्या ओघात होतं, आणि श्रीरामपूरला तिचा एकेक वळसा तोडून शिशात ओतला गेला. जुळारी ते खिळे एकेक उचलून ओळीत लावणार, म्हणजे ओघ गेलाच. उरली फक्त वाचायला अवघड अक्षरं. कॅरीच्या चिकाटीविषयी मला आदर आहे, त्याच्यामुळे मराठीला छापील व्याकरण मिळालं. तरी त्या मोडी कोशाचं पान पाहिलं की वाटतं, सोय ज्या कामासाठी जन्मली त्या कामापासून तोडली की ती नुसती अडचण होते. लॅपटॉपचं तेच झालं आहे. प्रवासात मांडीवर घेण्यासाठी केलेलं यंत्र आता टेबलावर दहा-दहा तास वापरलं जातं. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर कळा खांद्याला येतात. कळा कोपराच्या पातळीला ठेवाव्या तर मान खाली जाते. वेगळा कीबोर्ड घेण्याचं खरं कारण हेच, दुभंगणं नंतरचं.

कारकुनाच्या मनगटाची नोंद रायटर्स बिल्डिंग उभी राहण्याच्या कितीतरी आधी झाली होती. बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने व्यवसायजन्य रोगांवर १७०० मध्ये पुस्तक लिहिलं आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांचा आजार जोडला. कारणं त्याने तीन सांगितली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेने चाललेली अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये, धन्याचं नुकसान होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात कामातून गेला. तो डाव्या हाताने लिहायला शिकला. काही काळाने डावा हातही तसाच गेला.

या लेखनिकाची मला अधूनमधून आठवण होते, विशेषतः कोर्टाकडे काही काम निघालं की. कलकत्ता हायकोर्टाच्या आसपास, बँकशाल कोर्टाबाहेर, फुटपाथवर ताडपत्रीखाली टायपिस्ट बसतात. लाकडी खोका, त्यावर जुनं रेमिंग्टन किंवा गोदरेज, आणि पाठ टेकायला काही नाही. १९५५ मध्ये सुरू झालेलं गोदरेजच्या टंकयंत्रांचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं, त्यामुळे आता एका यंत्राचे अवयव दुसऱ्याला लावून भागवतात. बैठकीच्या शास्त्राप्रमाणे त्यांचं सगळंच चूक आहे. यंत्र उंच, बैठक बुटकी, कळ खाली दाबायला बोटाचं सगळं बळ. माझ्या कीबोर्डच्या कळेला जेवढं बळ लागतं त्याच्या अनेक पटींनी.

मनगटाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न एरवी कारखान्यात किंवा कचेरीत विचारता येतो. युरोपीय समुदायाने १९९० मध्ये पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी जो निर्देश काढला त्यात कीबोर्ड पडद्यापासून सुटा आणि कलता करता येणारा असावा असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि तशी सोय करण्याचं ओझं मालकावर टाकलं आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याला जोडलेल्या रोगांच्या यादीत शिसं होतं, पारा होता, सिलिकोसिस होता. टाइप करून दुखावलेलं मनगट नव्हतं. त्या कायद्याला माहीत असलेला कामगार भट्टीजवळचा होता, टेबलाजवळचा नव्हता, हे समजण्यासारखं आहे. पण सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधले आणि न्यू टाउनमधले हजारो आयटी कर्मचारी २०२० च्या मार्चमधल्या टाळेबंदीत कंपनीचा लॅपटॉप घेऊन घरी आले, तेव्हा कचेरीतली फिरती खुर्ची, योग्य उंचीचं टेबल आणि सुटा कीबोर्ड बहुतेकांच्या मागेच राहिला. घरी त्यांना मिळाला तो तक्तपोश, म्हणजे बंगाली घरातला तो रुंद लाकडी पलंग, ज्यावर दिवसा गप्पा, अभ्यास, जेवण आणि रात्री झोप चालते. तक्तपोशावर मांडी घालून मुनीमगिरी करणं वेगळं. तिथे लेखणी हातात असते, हात हलता असतो. लॅपटॉप हात जागच्या जागी जखडून ठेवतो.

आणि मग २० मे रोजी अम्फान चक्रीवादळ आलं. दमदमला ताशी १३३ किलोमीटर वारा नोंदवला गेला, शहरभर झाडं आडवी झाली, तारा तुटल्या, काही वस्त्यांत पाच-सहा दिवस वीज नव्हती. झाडं हटवायला सैन्य बोलवावं लागलं. त्या दिवसांत कुणाच्या बिनतारी कीबोर्डमधले सेल ठणठणीत असतील तर त्याचा काही उपयोग नव्हता. वायर फक्त कीबोर्डची गेलेली असते. बाकी सगळं घर तारांनी बांधलेलं असतं, आणि त्या तारांवर चालणारं कामही.

बिनतारी असण्याचं मोल मी कमी लेखत नाही. कीबोर्ड मांडीवर घेता येतो, पडदा लांब ठेवता येतो, जेवायच्या वेळी टेबल मोकळं करता येतं. लहान घरात हे फार असतं. (स्वस्तातला घेताना मात्र जपावं. काही स्वस्त बिनतारी कीबोर्ड दाबलेली प्रत्येक कळ कुलूप न लावता हवेत सोडून देतात, हे २०१६ मध्ये उघड झालं होतं.) दुभंगण्याबद्दलचे पुरावेही सरसकट बाजूने नाहीत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हातदुखीच्या ८० जणांना चार प्रकारचे कीबोर्ड देऊन सहा महिने पाहिलं, तेव्हा अशा एका कीबोर्डने दुखणं कमी झालेलं दिसलं. उलट, २००३ मधल्या सुमारे सात हजार डॅनिश कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात कीबोर्ड वापरणं आणि मनगटातली नस दबणं यांचा ठोस संबंध मिळाला नाही. माझी मनगटं आता दुखत नाहीत एवढं मी सांगू शकतो, पण ते कीबोर्डमुळे की वाढत्या वयात आलेल्या सावधपणामुळे, हे कोण ठरवणार?

मला खटकतं ते वेगळंच. हात दुखत नाही म्हणून मी पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसतो. पूर्वी दुपारी चारच्या सुमाराला मनगट कुरकुर करायचं आणि मी चहाला उठायचो. आता ते गप्प असतं, म्हणून अजून दोन पानं होतात, मग अजून दोन. रामाझिनीच्या तीन कारणांपैकी या वस्तूने एकावर थोडा इलाज केला आणि उरलेली दोन वाढवली. त्या लेखनिकाचा डावा हात म्हणजे हा कीबोर्ड आहे, असा संशय मला येतो. ओझं दुसरीकडे सरकवण्याची सोय झाली, ओझं तेवढंच राहिलं. फुटपाथवरच्या टायपिस्टची बैठक वाईट आहे, मजुरी वाईट आहे, पावसाळा तर फारच वाईट; त्याच्या गरिबीचं कौतुक करण्याचा माझा इरादा नाही. पण कोर्ट उठलं की त्याचं काम संपतं, कारण काम आणणारे वकील आणि अशील घरी जातात. माझं कोर्ट उठतच नाही. पुण्याचा प्रकाशक रात्री साडेदहाला ‘एवढं जरा बघता का’ म्हणून मजकूर पाठवतो, आणि कीबोर्ड इतका सुखाचा की नाही म्हणायला मनगटाचं निमित्तसुद्धा उरलेलं नाही.

फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन आणि ईमेल बंद ठेवण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे त्या धर्तीचं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं. खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झाल्याचं शेवटचं उदाहरण १९७० चं आहे. शिवाय ते विधेयक पगारदारांसाठी. माझ्यासारख्या पानावर पैसे घेणाऱ्याला वेळेबाहेरची वेळच नसते. ती मला प्रकाशकाशी बोलून ठरवावी लागेल, आणि बोलणी करताना समोरच्याला हे सांगावं लागेल की हात दुखत नाही, तरीही रात्री साडेदहाला मी काम करणार नाही.