“बरा झाला” असे म्हणावे काय?

रोग्याच्या हितासाठी त्याजपासून सत्य लपवावे किंवा नाही, हा वाद जुना आहे. परंतु कवटीच्या तळाशी होणाऱ्या कॉर्डोमा नावाच्या दुर्मिळ गाठीपुढे तो फारच कठीण होतो, असे आम्हांस वाटते. कारण ही गाठ उपचारानंतरही पुष्कळदा परत येते.

मूल उदरात असता पाठीच्या कण्याच्या जागी प्रथम एक मऊ दांडी असते. पुढे ती नाहीशी होते. क्वचित उरलेल्या अंशातून ही गाठ उत्पन्न होते. वर्षास दहा लाखांत सुमारे एकास ती होते, आणि त्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शास कवटीत. डोके दुखते, एकाचे दोन दिसू लागतात. शस्त्रवैद्य बहुधा नाकावाटे दुर्बीण घालून ती काढतात. भोर-वेल्ह्याकडील आमच्या वाचकांस खाचराच्या बांधात शिरलेली हरळी ठाऊकच आहे. मुळ्या पुऱ्या खणाव्या तर बांधच ढासळतो. येथेही गाठीस लागूनच मेंदूचा देठ, मोठ्या रक्तवाहिन्या व डोळ्यांचे मज्जातंतू असतात. जे राहते त्यावर किरणोपचार करितात. खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरच्या संस्थेत २०२३ पासून प्रोटॉन किरणांचीही सोय आहे. इतके करूनही पाच, कधी दहा वर्षांनी गाठ पुन्हा दिसते.

घरचे म्हणतात, “बरा झाला आहे, उगाच त्याचे मन का खचवावे?” यात माया आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण जो बरा झाला तो एम. आर. आय. तपासणीस कशास जाईल? वेल्ह्याहून मुंबईस जाणे म्हणजे मजुरी बुडते, सोबत्याचेही भाडे पडते. आवणीत तारीख आली तर ती हुकतेच. आणि गाठ परत आली की दोष शोधू लागतात: पथ्य मोडले, प्रार्थना कमी पडली, विश्वास डळमळला! कित्येक उपदेशकही असे बोलतात, ही लज्जेची गोष्ट होय. उरलेल्या मुळीस पुन्हा अंकुर फुटला. त्यात रोग्याचा अपराध तो कोणता?

किती वर्षे, हे वैद्यासही नेमके सांगता येत नाही; तसे ढोंग कोणी करू नये. रोगी स्वतःच “मला सांगू नका” म्हणेल, तर गोष्ट निराळी. परंतु त्यास विचारतो कोण? शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा त्याचा, आणि बातमी मात्र थोरल्या भावास!

अशा घरी भेटीस जाणाऱ्या बंधूंनी “आता भय नाही ना?” असे न विचारता पुढील तपासणी कोणत्या महिन्यात आहे, हे विचारावे, आणि ती आषाढात असली, तर त्या दिवशी त्याच्या खाचरात कोण उतरणार, हेही.