सोबती मिळविणे

'मिळविणे' या क्रियापदाला 'सोबती' हे कर्म चालते काय, हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. नोकरी मिळवावी, पदवी मिळवावी, जुन्या बाजारात दुर्मिळ ग्रंथ मिळवावा; सोबती मात्र भेटतो किंवा लाभतो, असेच आपली भाषा सांगत आली आहे. महाप्रस्थानिकपर्वातला कुत्रा युधिष्ठिराने मिळविलेला नव्हता. तो हस्तिनापुरापासून मागोमाग चालत आला होता, आणि न मागता आलेल्याला मागे टाकावे काय, हा पेच त्यामुळेच इतका अवघड झाला.

हा विचार मला सुचला तो बंगळूरला, मुलीच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी. चौदा वर्षांचा नातू आणि त्याचे तीन मित्र तेथे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ मांडून बसत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या लेक जिनीव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. येथे प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीने बोलतो; उरलेले सारे जग, म्हणजे वाटा, शत्रू, पाऊस, पशुपक्षी, एकच व्यक्ती बोलून उभे करते. तिला 'डंजन मास्टर' म्हणतात. मी आपला सूत्रधार म्हणतो. जे संशयित, त्याचा निवाडा वीस पैलूंचा फासा करतो. जन्मभर साहित्याचे रूपबंध शिकविलेल्या माणसाला नियमांनी बांधलेले हे मौखिक कथन कुतूहलाचे वाटले, यात नवल नाही. मी वर्तमानपत्राआडून ऐकत असे.

नातवाचे पात्र जादूगाराचे होते आणि त्याला एक प्राणी हवा होता. मांजर नको, घुबड नको. ती सर्वांकडे असतात. त्याला खवल्या मांजर हवे होते. का, असे विचारता तो म्हणाला, "आजोबा, ते कोणाकडेच नाही ना!" हे उत्तर मला खटकले. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ज्याला पहिल्या अनुसूचीत ठेवले आहे, ज्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचे 2016 मध्ये ठरले, तो हा मुका जीव माणसाच्या याच 'कोणाकडे नाही'च्या हौसेने संकटात आला आहे. खेळात कोणाचा खवला दुखावत नाही, हे खरे. पण इच्छेचा घाट तोच असतो.

पुस्तकात खवल्या मांजर नव्हतेच. सूत्रधार होती एका मित्राची महाविद्यालयात शिकणारी बहीण. तिने मुंगसासारखा अंगलटीचा जो वीझल नावाचा प्राणी पुस्तकात आहे, त्याचे आकडे जसेच्या तसे घेतले आणि वर खवले चढविले. असे करण्याची या खेळात रीतच आहे. म्हणजे जे असाधारण म्हणून मागितले, ते आतून साधारणच निघाले; नाम-रूप तेवढे निराळे. आपल्या पुष्कळ नवकवितेचे असेच झाले आहे, पण ते असो.

पुढे नातवाकडची आणि सूत्रधार मुलीच्या वडिलांकडची जुनी अशी दोन्ही पुस्तके मी वाचली. 1978 च्या नियमपुस्तकात या विधीत जादूगाराला निवड नाही. वीस पैलूंचा फासा टाकावयाचा. चार आले तर काळी मांजर, सात-आठवर ससाणा, अकरा-बारावर बेडूक; पंधरा आले तर एखादा अद्भुत जीव. आणि सोळापासून वीसपर्यंत काहीही आले तर कोणीच येत नाही. धूप-वनस्पती जळून गेलेल्या असतात आणि पुढला प्रयत्न वर्षभराने. आलेल्या प्राण्याचे प्राणबळ, खेळाच्या परिभाषेत 'हिट पॉइंट', धन्याच्या प्राणबळात मिळविले जाते. पण तो प्राणी मेला, तर धनी त्याच्या दुप्पट प्राणबळ कायमचे गमावतो. दुप्पट आणि कायमचे! हा नियम लिहिणाऱ्याला तत्त्वचिंतक कोणी म्हणणार नाही. खेळाचा तोल सांभाळण्यासाठीच त्याने तो लिहिला असावा. तरीही जोडण्यापेक्षा तुटण्याचे माप मोठे असते, हे मानवी व्यवहारातले सत्य त्याच्या कोष्टकात सहज उतरले आहे.

या सोबत्यासाठी खेळाने योजिलेला शब्द 'फॅमिलिअर' असा आहे. लॅटिनमधला मूळ अर्थ घरचा, कुटुंबातला. इंग्लंडमधल्या चेटकीणींच्या खटल्यांत मात्र तो सैतानाने धाडलेल्या प्राण्याचे नाव झाला. 1566 मध्ये एसेक्समधील चेम्सफर्ड येथे अ‍ॅग्नेस वॉटरहाउस या वृद्धेला फाशी दिले गेले. तिच्यावरील आरोपांच्या केंद्रस्थानी एक मांजर होते. एका बाईने ते पोळून पोसून नंतर एका केकच्या बदल्यात तिला दिले होते, असे जबानीत आहे. 1604 च्या कायद्याने तर दुष्ट आत्म्याला खाऊ घालणे हाही मृत्युदंडाचा अपराध ठरविला. म्हातारीने मांजराला दूध पाजावे आणि शेजाऱ्यांनी त्यात करार पाहावा! टेबलाशी बसलेल्या मुलांना हे ठाऊक नव्हते, आणि असायला हवे असा माझा आग्रहही नाही. एवढेच नोंदवावेसे वाटते की या शब्दाच्या पोटात सोबतीसाठी मोजलेली फार मोठी किंमत आहे.

नातवाच्या हातातले पुस्तक 2014 चे. त्यात जादूगार रूप स्वतः निवडतो. दहा सुवर्णमुद्रांचा कोळसा, धूप आणि वनस्पती पितळी पात्रात जाळावयाच्या, की प्राण्याच्या रूपात एक आत्मा हजर होतो. तो हुकमाचा ताबेदार असतो. मारला गेला तर देहही मागे न ठेवता नाहीसा होतो आणि पुन्हा तोच विधी केला की परत येतो. धन्याचे काही घटत नाही. चाळीसएक वर्षांत केवढे अंतर पडले! एखाद्या फाशाने महिनोन्‌महिने जपलेल्या पात्राचे कायमचे नुकसान व्हावे, हे खेळणाऱ्यांना जाचक वाटले असणार. मुलांच्या डोळ्यांत पाणी येऊ नये, ही दयाही त्यात असेल. तिची थट्टा मी करणार नाही. परंतु जो गमावताच येत नाही, तो आपल्याजवळ होता असे कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? त्याला साधन म्हणावे, शोभा म्हणावी. सोबती म्हणताना माझी जीभ अडखळते.

माझे हे मत तेव्हा जवळजवळ पक्के झाले होते, आणि त्या मुलीने ते अवघड करून ठेवले. एका संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी नातवाने आपल्या खवल्या मांजराला पुढे जाऊन टेहळणी करण्याचा हुकूम दिला. ती म्हणाली, "ते गुंडाळी करून बसलंय. घाबरलंय." नातू चिडला. नियमात तो प्राणी आज्ञाधारक आहे, हे त्याने पान उघडून दाखविले. तिने पान वाचले, मान डोलावली आणि म्हणाली, "ऐकेल ना. पण उलगडायला वेळ लागेल." मग नातवाने काय करावे? त्याने आपल्या जादूगाराला गुहेबाहेर खाली बसविले. बाकीचे मित्र कंटाळून कुरकुरू लागले तरी तो उठला नाही. वीझलच्या आकड्यांत भीती कोठेच लिहिलेली नव्हती. ती दुसऱ्या माणसाच्या वाणीतून आली होती, त्याच्या इच्छेच्या आड आली होती. आणि मला वाटते, आडवे येणारे काही त्या प्राण्याला मिळाले त्या क्षणी तो नातवाच्या मालकीचा राहिला नाही.

पुढल्या आठवड्यात पूल कोसळला आणि खवल्या मांजर गेले. नियमाप्रमाणे देह उरला नाही. मित्रांनी सांगितले, दहा मुद्रा आहेत तुझ्याजवळ, तासाभरात परत आण. नातवाने सूत्रधार मुलीला विचारले, "तेच येईल?"

"तेच," ती म्हणाली.

"त्याला गुहा आठवत असेल?"

पुस्तकात याचे उत्तर नाही. मी नंतर शोधून पाहिले. तिनेही दिले नाही. मी बंगळूरला होतो तोवर आणखी तीन बैठका झाल्या. त्याच्या कागदावर दहा मुद्रा तशाच लिहिलेल्या होत्या, आणि प्राण्याच्या रकान्यातले नाव त्याने खोडले नव्हते.