जशास तसे की क्षमा?

सज्जनहो, अपराध्याशी कसे वागावे, हा प्रश्न श्रोते नेहमी करतात. कोणी म्हणतात, जशास तसे. कोणी म्हणतात, क्षमाच करावी. याचा निवाडा आम्ही पाटाच्या पाण्यावर करू म्हणतो.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठची फडबागायत शेकडो वर्षांची. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड. आता समजा, दोघा शेजाऱ्यांनी पाटाचा गाळ काढायचा आहे. एकाने काढला नि दुसरा घरी निजला, तर निजणाऱ्यास फुकट पाणी. दोघेही निजले तर पाट कोरडा! एका दिवसाचाच व्यवहार असता, तर निजणे फायद्याचे. पण शेजार जन्माचा असतो.

अमेरिकेतील रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी अशाच कोड्यावर संगणकात युक्त्यांची झुंज लावली. निकाल १९८० साली प्रसिद्ध झाला. चौदा युक्त्या आल्या. जिंकली ती सर्वांत साधी, अनातोल रापोपोर्ट यांची: आरंभी साह्य करावे, पुढे समोरच्याने मागल्या खेपेस केले तेच करावे. पुढल्या झुंजीत बासष्ट युक्त्या आल्या, तरी पहिली तीच. आणि गंमत पाहा, समोरच्याहून अधिक गुण ती कधीच मिळवीत नाही!

मग जशास तसे हाच सिद्धांत काय? नव्हे. खेकड्याने बांध पोखरला नि पाणी शेजारच्या वाफ्यात गेले. याला वाटले चोरी, याने त्याचा बांध फोडला, त्याने याचा. दोघेही जशास तसेवाले, मग हे थांबणार कधी? नोवाक व सिगमंड या शास्त्रज्ञांनी १९९२ साली दाखवले, की जेथे चूक संभवते तेथे तीन अपराधांतून साधारण एक सोडून देणारी युक्ती अखेर टिकते. सगळेच सोडणाऱ्याच्या जिवावर मात्र लबाड माजतो.

फडाच्या रीतीत हे शहाणपण पूर्वीच आहे. पाणी पाटकरी देतो; शेतकऱ्याने स्वतः हात लावायचा नाही. म्हणजे रागावलेल्याच्या हाती फावडेच नाही! तंटा पंचांपुढे जातो.

तेव्हा मंडळी, क्षमा म्हणजे भित्रेपणा नव्हे, आणि दंड म्हणजे वैर नव्हे. अपराधाला उत्तर द्यावे, पण तेवढ्यापुरतेच. संशय असेल तेथे एकदा सोडावे. बांधापायी भावाशी बोलणे टाकलेली घरे खानदेशात थोडी नाहीत. त्यांनी इतकेच करावे: यंदा गाळ काढायला पहिले फावडे आपण उचलावे.